बेंबीसकट ऑपरेशन : दादाला दाखल करण्याआधीची तयारी

दादाच्या लघवीतून रक्त जायचं, मधूनच शेंबडासारखं चिकट काहीतरी. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला : युरेकल अ‍ॅडेनोकार्सिनोमा. म्हणजे युरेकसचा कॅन्सर. बाळ पोटात असताना मूत्राशयाच्या टोकापासून बेंबीपर्यंत एक नळी असते, ती युरेकस. पुढे ती मिटून नुसती दोरी उरते. काहींची पूर्ण मिटत नाही, आणि त्या उरलेल्या भागात कधीतरी गाठ धरते. मूत्राशयाच्या शंभर कॅन्सरांत असा एकही नसतो, म्हणून तयारीही जरा निराळी.

आधी फाइल. नुसता बायोप्सीचा रिपोर्ट पुरत नाही. लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, सीटीची सीडीही. मोठ्या हॉस्पिटलात स्लाइड पुन्हा बघतातच, कारण आतड्याचा कॅन्सर मायक्रोस्कोपखाली अगदी असाच दिसतो. त्यासाठी कोलोनोस्कोपी सांगतील. पोट साफ करायचं ते पाणी पिताना दादा रडकुंडीला आला होता, एक दिवस त्यासाठी मोकळा ठेवा. फुले योजनेतून करणार असाल तर रेशन कार्ड, आधार आधीच द्या. मंजुरी आल्याशिवाय तारीख धरू नका.

मग सर्जनला विचारायचा खरा प्रश्न : "बेंबी काढणार ना?" मूत्राशयाचा वरचा भाग, ती दोरी, तिच्याभोवतीचं आवरण आणि बेंबी हे सगळं एकसंध निघायला हवं, मध्येच कापलं तर रोग मागे राहू शकतो. ओटीपोटातल्या गाठी, म्हणजे लिम्फ नोड, काढणार का तेही विचारा. आम्हाला पहिल्या ठिकाणी "दुर्बिणीतून खरवडून टाकू" म्हणाले होते. तेवढ्यावर थांबू नका, दुसरं मत घ्या. ही गाठ मूत्राशयाच्या बाहेरच्या अंगाने वाढत आत येते, खरवडून तिचं मूळ जात नाही. अख्खं मूत्राशय काढायची वेळ येईल का, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारून ठेवा, टेबलावर झोपल्यावर नव्हे.

रक्त पातळ करणाऱ्या आणि शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नका, भूलतज्ज्ञाला पट्ट्याच दाखवा. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, वेळेत, तंबाखू आजच बंद, तीन चेंडूंचं, श्वास आत ओढायचं यंत्र आधीच आणून सराव.

घरी लघवीची नळी साधारण एक-दोन आठवडे राहते. पायजम्याची नाडी नेमकी टाक्यांवर येते, म्हणून दोन लुंग्या. पिशवी कायम कमरेच्या खाली; रात्री पलंगाखाली बादलीत ठेवायची. खोकताना पोटाशी धरायला उशी. नळी निघाल्यावर मूत्राशय लहान झालेलं असतं, तासातासाला उठावं लागतं. संडासाचा दिवा रात्रभर चालू ठेवा.

आदल्या रात्री सिस्टरने कापसाचा बोळा देऊन दादाला बेंबी नीट साफ करायला सांगितली. "अहो, उद्या जाणारच आहे ना ती?" दादा म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, "जाऊ दे, पण स्वच्छ होऊन जाऊ दे." वहिनी दोन दिवसांनी पहिल्यांदा हसली.