कोशाचा रंग कशाने ठरतो : पोल्टन यांचा प्रयोग परसातल्या कढीपत्त्यावर

ऑक्सफर्डचे एडवर्ड पोल्टन (१८५६–१९४३) यांनी प्राण्यांच्या रंगांच्या अभ्यासाला आपले आयुष्य वाहिले. भक्षकाला इशारा देणाऱ्या भडक रंगांसाठी 'अपोसेमॅटिक' ही संज्ञाही त्यांचीच. पण त्यांचा सर्वांत देखणा प्रयोग, माझ्या मते, कोशांचा आहे. विलायती 'स्मॉल टॉर्टॉइजशेल' फुलपाखराच्या अळ्या त्यांनी वेगवेगळ्या रंगांच्या परिसरात ठेवल्या, तेव्हा काळ्या जागी कोश गडद झाले, पांढऱ्या जागी फिके आणि सोनेरी वर्खाजवळ चक्क सोनेरी झाक असलेले.

हा प्रयोग गोव्यात करायचा, तर पावसाळ्यात परसातला कढीपत्ता किंवा लिंबाचे झाड बारकाईने पाहावे. कॉमन मॉर्मन, म्हणजे बहुरूपी फुलपाखराची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी हिरवी असते, आणि तिला हलकेच डिवचले की डोक्यामागून लाल दुफाट्या अवयव बाहेर येऊन उग्र वास सुटतो. फवारणी केलेली पाने वर्ज्य समजावीत. अळ्या बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधावी आणि तळाचा कागद रोज बदलावा. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी फार लवकर धरते.

अळीने खाणे सोडले, पातळ विष्ठा टाकली आणि ती अस्वस्थपणे फिरू लागली की तिला लगेच प्रयोगाच्या डब्यात हलवावे, कारण रंग ठरण्याचा काळ हाच असतो. एका डब्याला आतून हिरवा कागद लावावा, दुसऱ्याला तपकिरी, आणि दोन्हींत सारख्याच जाडीच्या बांबूच्या काड्या एकाच प्रकारच्या, पण डब्याच्या रंगाच्या फितीने गुंडाळून उभ्या कराव्यात. एका डब्यात गुळगुळीत काडी आणि दुसऱ्यात खरखरीत फांदी ठेवण्याची चूक करू नये. या कुळातल्या फुलपाखरांच्या कोशाचा रंग पृष्ठभागाच्या खरखरीतपणानेही बदलतो, आणि मग बदल रंगाचा की स्पर्शाचा, हे सांगता येत नाही. प्रत्येक डब्यात किमान दहा अळ्या हव्यात. दोन-तीन कोशांवरून काही ठरवणे मला योग्य वाटत नाही.

कोश दुसऱ्या दिवशी टणक झाल्यावर त्याचा रंग दिवसाच्या उजेडात पाहून नोंदवावा. साधारण दहा-बारा दिवसांनी फुलपाखरू बाहेर येते. त्याचे पंख पूर्ण वाळू द्यावेत आणि मगच ज्या झाडावरून अळी आणली, तेथेच ते सोडावे.