जुन्या गाडीचे पार्ट घेताय? या चुका टाळा

"गाडी विकली तर लाखभर येतील आणि पार्टचं बिल बावीस हजार?" हे मला महिन्यातून दोनदा तरी ऐकावं लागतं. अहो, पार्टला तुमच्या गाडीची रिसेल थोडीच कळते? तशा किती गाड्या रस्त्यावर आहेत त्यावर भाव ठरतो. मारुती 800 बंद झाली 2014 ला, तरी तिची क्लच प्लेट अजून सहज मिळते, आणि कमी खपलेल्या गाडीचा साधा डोअर लॉक रडवतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसतं गाडीचं नाव सांगून पार्ट मागणं. सँट्रो म्हणजे कुठली? 1998 वाली, 2003 ची झिंग, का 2018 ला परत आली ती? आमच्या मेहुण्यांची झिंग, ठोकली पुढून. मी म्हटलं थांबा, रविवारी बघू, तर साहेबांनी रात्रीच मोबाइलवर 'सँट्रो हेडलाइट' टाकून स्वस्त दिसली ती जोडी मागवून टाकली. आली 2018 च्या मॉडेलची. इकडे गॅरेजात बंपर खोललेला, फिटर लाइट उलटासुलटा करून बसवतोय, आणि पॅकिंग फाडलेलं म्हणून माल परत घेईनात. शेवटी मीच आरसीवरचा चेसिस नंबर आणि फुटकी लाइट पिशवीत घालून पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या बाजारात गेलो, पंधरा मिनिटांत काम झालं. जुना पार्ट हातात असल्याशिवाय मी दुकानाची पायरी चढत नाही, हसायचं तर हसा.

दुसरं, असेंब्लीचा, म्हणजे अख्ख्या तयार पार्टचा, भाव ऐकून मान डोलावणं. अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत नाही म्हणजे अख्खा गेला असं नसतं, बऱ्याचदा कार्बन ब्रश नाहीतर रेग्युलेटर असतो, ऑटो इलेक्ट्रिशियन खोलून बदलून देतो. पण त्याला अर्धा दिवस लागतो आणि आपल्याला गाडी आत्ता हवी, मग भरा असेंब्लीचे पैसे! ब्रेक-स्टिअरिंगला मात्र हा जुगाड नको. लोअर आर्म, म्हणजे पुढचं चाक खालून धरणारा दांडा, त्याचे रबरी बुश तेवढे मी प्रेसवर बदलून घेतो, पण त्याचा चाकाकडचा बॉल जॉइंट ढिला असेल तर अख्खा आर्मच नवीन.

गाडीच्या कंपनीचं नाव छापलेल्या डब्याचे पैसे देऊ नका. जुन्या पार्टवर बनवणाऱ्याचं नाव असतं, बॉश, व्हॅलिओ, गॅब्रिएल वगैरे, त्यांच्या स्वतःच्या डब्यात तसाच माल बऱ्याचदा स्वस्त पडतो.

एमआरपीवर वेगळा जीएसटी लावला तर सरळ भांडा, तो आतच धरलेला असतो. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून पार्टवर 18 टक्के आहे, 28 नाही.

"ओरिजिनलच आहे, फक्त डबा नाही" असं कोणी म्हटलं की मी चहा पितो आणि निघतो.

मेहुण्यांची ती जोडी अजून माळ्यावर आहे, कुणाकडे 2018 ची सँट्रो असेल तर सांगा.