एसीतून कुबट वास येतोय? आधी वास ओळखा, मग हात घाला

पावसाळ्यात एसी जवळपास बंदच असतो आपल्याकडे, आणि मग ऑक्टोबर हीट सुरू झाली की एका रात्री घामाने हैराण होऊन रिमोट शोधायचा, एसी लावायचा आणि पहिल्याच झोताला ओल्या मोज्यांसारखा वास नाकात! आमच्याकडे भांडुपला अगदी हेच झालं होतं, आणि सासूबाईंना दमा असल्याने त्यांचा खोकला सुरू झाला तेव्हा मी हे सगळं नीट समजून घेतलं. त्यावेळी आलेल्या मेकॅनिकने वर शिडीवर चढायच्या आधीच गॅस संपलाय म्हणून सांगितलं होतं. एसीमधला गॅस बंद पाइपांमध्ये फिरत असतो, पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी लीक असतं आणि मग थंडावा कमी होतो. त्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच, म्हणजे कुबट वासासाठी गॅस भरून पैसे घालवू नका.

मग वास येतो कशाने? फ्रीजमधली बाटली बाहेर ठेवली की तिला कसा घाम फुटतो, तसंच एसीच्या आत होतं. थंड कॉइलवर, म्हणजे गॅस फिरतो त्या पाइप-पात्यांच्या जाळीवर, मुंबईची दमट हवा आपटते आणि पाणी सुटतं, रात्रभरात अर्धी बादली तर सहज. त्या ओल्या कॉइलवर धूळ, केस, स्वयंपाकाच्या तेलाचा चिकटा बसतो, आपण सकाळी एसी बंद करतो, आत काळोख आणि ओल, बुरशीला अजून काय पाहिजे! म्हणून कितीही स्प्रे मारा, आतला भाग वाळत नाही तोवर वास परत येणारच.

वास कुठला आहे ते ठरवा

हे आधी करा, कारण प्रत्येक वासाचा उपाय वेगळा आहे.

जळकट, वायर किंवा प्लास्टिक तापल्यासारखा वास असेल तर रिमोटवर थांबू नका, सरळ एमसीबी, म्हणजे बोर्डवरचा एसीची वीज तोडणारा खटका, खाली करा आणि इलेक्ट्रिशियन किंवा मेकॅनिक येईपर्यंत परत चालू करू नका. यात घरगुती प्रयोग नकोच.

मेलेल्या प्राण्यासारखा वास असेल तर बहुतेक आत पाल किंवा उंदराचं पिल्लू मेलंय. पाइपासाठी भिंतीला पाडलेल्या भोकातून येतात ते, म्हणून सफाईनंतर ते भोक पुट्टीने बुजवून घ्या.

गटारासारखा वास असेल तर ड्रेन पाइप, म्हणजे एसीचं पाणी बाहेर नेणारा पाइप, बघा, त्याबद्दल खाली सविस्तर सांगते.

तळलेल्या बोंबलाचा किंवा सिगारेटचा वास असेल तर लक्षात घ्या की स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवत बसतो. खूप जणांना वाटतं एसी म्हणजे ताजी हवा, तसं नाहीये. किचनचं दार उघडं ठेवून एसी लावला की सगळा वास फिल्टर आणि कॉइलवर जाऊन बसतो, मग दुसऱ्या दिवशी भाजी केली तरी घरात मासळीच.

आणि कुबट, आंबट, ओल्या कपड्यांसारखा वास, जो एसी लावल्या लावल्या येतो, मग कमी होतो आणि मध्येच कॉम्प्रेसर थांबला की परत येतो, तो कॉइल आणि ब्लोअरवरच्या (आतला हवा फेकणारा पंखा) बुरशीचा. बहुतेक घरांत हाच असतो.

फिल्टर धुवा

एमसीबी बंद, पुढचं झाकण वर, जाळीचे फिल्टर हलकेच ओढून काढा. नळाचं पाणी धूळ बसलेल्या बाजूच्या उलट बाजूने सोडा, म्हणजे धूळ बाहेर निघते, नाहीतर अजून आत रुतते. चिकट असेल तर कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड टाकून १० मिनिटं बुडवा, कडक गरम पाणी नको, जाळी वाकते. सावलीत पूर्ण, म्हणजे खरंच पूर्ण वाळवा आणि मगच लावा, ओला फिल्टर लावला तर वास घालवायला गेलो आणि वाढवून आलो असं होतं. सीझनमध्ये दर १५ दिवसांनी हे करायचंच, आणि शेजारी बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू असेल तर दर आठवड्याला.

कॉइल आणि ब्लोअर

फिल्टर काढलेलाच आहे तर मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. समोर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची कॉइल दिसेल, आणि खाली जिथून हवा येते तिथे लांब गोल पंखा, तो ब्लोअर. त्याच्या पात्यांवर काळे ठिपके, काळा थर दिसला की समजायचं घर कुठे आहे बुरशीचं.

कॉइल आपण घरी करू शकतो. रंगाचा मऊ कोरडा ब्रश घेऊन वरून खाली, पात्यांच्या दिशेनेच फिरवा, आडवा अजिबात नको, पाती लगेच वाकतात, आणि त्यांची धार बोट कापते म्हणून ग्लोव्हज घाला. मग एसी कॉइल क्लीनरचा फोम मिळतो तो वरून खाली मारा, सर्किट असलेली बाजू (बहुतेक मॉडेलमध्ये उजवी) आधी प्लास्टिकने झाका. डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, पाण्याने धुवायला सांगितलं असेल तर तसं करा, मग प्लास्टिक काढून फिल्टर लावा आणि एसी कमीत कमी तापमानावर अर्धा तास चालवा म्हणजे कॉइलवरचं पाणीच उरलेली घाण कॉइलखालच्या पाणी साठणाऱ्या ट्रेमध्ये घेऊन जातं. त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवा आणि लहान मुलं, दम्याचं माणूस यांना दुसऱ्या खोलीत बसवा.

ब्लोअर मात्र घरी पूर्ण साफ होत नाही, त्याला जेट पंपवाली सर्व्हिसच लागते. मेकॅनिकला बोलावताना फोनवरच विचारा की ब्लोअर आणि ड्रेन ट्रे धुणार का, का नुसता फिल्टर झटकून जाणार. आणि तो काम करताना तिथे उभे राहा, एसीखाली बांधलेल्या पिशवीतून येणारं काळं पाणी बघितलं की खात्री पटते.

फिनाइल, ॲसिड, ब्लीच यातलं काहीही कॉइलवर घालू नका, ॲल्युमिनियम खराब होतं आणि त्याची वाफ आपल्याच नाकात जाते. डांबराच्या गोळ्या एसीत ठेवणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून नको, रात्रभर बंद खोलीत ते श्वासातून आत जातं, घरात बाळ असेल तर मुळीच नको.

ड्रेन पाइप, जो सगळे विसरतात

ट्रेमध्ये मगभर पाणी हळूहळू ओता आणि पाइपाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा तेवढंच बाहेर येतंय का. कमी आलं किंवा थेंब थेंब आलं तर आत चिखलासारखा गाळ बसलाय, म्हणजे पाणी ट्रेमध्ये साठून सडतंय, पुढे भिंतीवरून ओघळणार तेही आहेच. टोकाकडून व्हॅक्यूमने ओढला की बहुतेक वेळा सुटतो.

आपल्याकडे फ्लॅटमध्ये पाइप पुष्कळदा बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो. ट्रॅपमधलं पाणी गटाराचा वास अडवून धरतं, ते बाथरूम वापरात नसलं की पाणी सुकतं, आणि पाइप जाळीखाली, पाण्याच्या पलीकडे गेला असेल तर पाणी असूनही उपयोग नाही, वास पाइपातून उलटा चढून थेट बेडरूममध्ये. ट्रॅपमध्ये दोन मग पाणी ओता, आणि पाइपाचं टोक आत खुपसलेलं असेल तर जाळीच्या वर आणा.

पाइप बादलीत सोडला असेल तर टोक पाण्यात बुडू देऊ नका, हवा अडकून पाणी उतरत नाही, आणि बादली रोज ओता कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

विंडो एसी असेल तर

दादर, गिरगावच्या जुन्या घरांत अजून विंडो एसी आहेत, तिथे कबुतरं हा मोठा विषय. मागच्या बाजूला घरटं आणि विष्ठा असेल तर वास येतोच, आणि त्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना खरंच वाईट, म्हणून सुकी झाडू नका, मास्क लावून आधी पाणी मारून ओली करा आणि मग उचला. नंतर जाळी लावून घ्या. पुढे व्हेंटचा खटका असतो तो उघडा राहिला असेल तर बाहेरचा वास आत ओढला जातो, तोही बघा.

आणि रोजचं एक काम

सकाळी उठलात की एसी लगेच बंद करू नका. कूल वरून फॅन मोडवर टाका, खिडकी थोडी उघडा आणि चहा, दात घासणं होईपर्यंत २०-३० मिनिटं चालू द्या. कॉम्प्रेसर बंद असतो त्यामुळे वीज पंख्याइतकीच लागते आणि कॉइल वाळते. नवीन मॉडेलमध्ये ऑटो क्लीन असतं, ते हेच काम करतं, रिमोटवर शोधून चालू करून ठेवा. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा अर्धा तास ड्राय किंवा कूलवर आणि मग अर्धा तास फॅनवर चालवा, आमच्याकडे हे सुरू केल्यापासून ऑक्टोबरमध्ये पहिल्या रात्री वास येत नाही आणि सासूबाई त्याच खोलीत झोपतात.

एवढं सगळं करूनही १५-२० दिवसांत कुबट वास परत आला तर एसीच्या मागची भिंत हात लावून बघा. बाहेरून ओल झिरपत असेल तर वास भिंतीचा आहे, तेव्हा मेकॅनिक नको, सोसायटीला वॉटरप्रूफिंगसाठी पत्र द्या.