मोठा आकडा समजून घ्यायचा तर तांदूळ मोजा

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की आपली नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. ते ठीक असलं की कागद फाइलमध्ये जातो. तिथेच आसपास आरबीसी, म्हणजे तांबड्या पेशींची ओळ असते : एका घन मिलिमीटरला साधारण ५० लाख. हा आकडा वाचून होतो, पण डोक्यात शिरत नाही. तो शिरावा म्हणून मी काय करते ते सांगते. साहित्य घरातलंच आहे.

१. आकडा आपल्या मोजणीत आणा

रिपोर्टवर बहुतेक वेळा ‘५ मिलियन’ असं छापलेलं असतं. मिलियन म्हणजे १० लाख. बिलियन म्हणजे १०० कोटी, आपला अब्ज. ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. त्याच्या पुढे खर्व-निखर्वाच्या नादी लागू नका. मराठीतला खर्व १० अब्जांचा आणि हिंदीतला खरब १०० अब्जांचा, त्यामुळे हमखास घोटाळा होतो. ‘लाख कोटी’ म्हटलेलं बरं.

२. सेकंदांत बदला

लाख, कोटी, अब्ज ही नावं एका दमात घेतली की शेजारशेजारची वाटतात. ती किती लांब आहेत ते वेळेत कळतं. एक लाख सेकंद म्हणजे एक दिवस आणि पावणेचार तास. एक कोटी सेकंद म्हणजे सुमारे ११६ दिवस, जवळजवळ आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी. अब्ज सेकंद व्हायला आज जन्मलेलं बाळ बत्तिशीला टेकतं. आणि लाख कोटी सेकंदांपूर्वी, म्हणजे ३१ हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, माणूस शेतीसुद्धा करत नव्हता.

३. आता तांदूळ

वजनकाट्यावर बरोबर १० ग्रॅम तांदूळ घ्या. ताटात पसरा आणि दहा-दहाच्या ढिगाऱ्या करत मोजा. कंटाळा करू नका, हीच खरी पायरी आहे. मुलं सोबत असतील तर पाच मिनिटांत होतं. माझ्याकडच्या इंद्रायणीचे ६०० च्या आसपास दाणे भरले. तुमचा तांदूळ बारीक असेल तर जास्त भरतील, तुमचाच आकडा धरा.

६०० दाणे १० ग्रॅमला, तर किलोला ६० हजार. ५० लाख दाण्यांना सुमारे ८३ किलो. आता फोडणीच्या डब्यातला बारीक मोहरीचा एक दाणा तळहातावर घ्या. त्याचं आकारमान साधारण एक घन मिलिमीटर. तेवढ्याशा रक्तात ८३ किलो तांदळात दाणे असतात तेवढ्या पेशी! मी पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा तो दाणा बराच वेळ हातातच धरून बसले होते.

४. पूर्ण अंगाचा हिशोब

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, म्हणजे ५० लाख घन मिलिमीटर. ५० लाख गुणिले ५० लाख, उत्तर २५ लाख कोटी. अब्जांत सांगायचं तर २५ हजार अब्ज.

एक अब्ज दाणे म्हणजे १७ टनांच्या आसपास, दहाचाकी ट्रकभर तांदूळ. असे २५ हजार ट्रक. दारावरून दर मिनिटाला एक, रात्रंदिवस न थांबता गेला, तरी शेवटचा ट्रक जायला सतरा दिवस उलटतील.

५. शेवटी भागाकार

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे वरचा चातुर्मासच, जवळपास एक कोटी सेकंद. २५ लाख कोटी पेशी एक कोटी सेकंदांत बदलायच्या, तर दर सेकंदाला सुमारे २५ लाख नव्या हव्यात. तांदळात मोजलं तर ४० किलोंच्या पोत्यात मावतील त्याहून थोड्या जास्त. हे काम हाडांतल्या मज्जेत चालतं, आपण झोपलेले असतानाही. जवळपास तेवढ्याच जुन्या पेशी त्याच सेकंदाला मोडीत निघतात, पण त्यांतलं लोह शरीर टाकून देत नाही. ते नव्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये पुन्हा वापरलं जातं.