सूर्य आणि शेजारचे तारे: चुंबकीय अ‍ॅक्टिव्हिटी कशी ताडून बघायची

सांगलीत कृष्णेचं पाणी किती चढलंय विचारलं की लोक आयर्विन पुलाची पातळी सांगतात, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. पण मे महिन्यातला एक आकडा बघून नदी गरीब आहे असं इथं कोणी म्हणणार नाही. ताऱ्यांचंही तसंच, एका रात्रीच्या मोजणीवरून तारा शांत की तापट ते ठरवू नका, वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

आधी सूर्य घ्या. छोटा टेलिस्कोप असेल तर गच्चीवर पांढऱ्या कार्डावर सूर्याची प्रतिमा पाडा, आयपीसला डोळा लावायचा नाही म्हणजे नाही, आणि फाइंडरलाही (नेम धरायची छोटी दुर्बीण) टोपण घालून ठेवा कारण पोरं नेमकी तिथंच डोळा लावतात. मग सूर्यावरचे काळे डाग मोजा, हे डाग म्हणजे चुंबकीय क्षेत्र जोरात असलेल्या जागा. डागांचे गट गुणिले १०, त्यात एकूण डाग मिळवायचे, म्हणजे ३ गट आणि १४ डाग असले तर ४४. पावसाळ्यात इथं ढगच ढग, ते दिवस बेल्जियमच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीच्या आकड्यांनी भरून काढा. साधारण ११ वर्षांचा चढउतार दिसेल, आणि दर वेळी ध्रुव उलटतात म्हणून पूर्ण चुंबकीय चक्र २२ वर्षांचं.

आता खरी अडचण. तारा आपल्याला नुसता ठिपका दिसतो, त्यावरचे डाग मोजणार कसे? त्यासाठी ताऱ्याच्या वर्णपटातल्या कॅल्शियमच्या एच आणि के रेषा बघतात, ३९६.८ आणि ३९३.४ नॅनोमीटरला. चुंबकीय क्षेत्र जोरात असलं की वरचा थर तापतो आणि या रेषांचा मधला भाग उजळतो. खगोलशास्त्रज्ञ ओलिन विल्सननी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत हेच नियमित मोजायला घेतलं, त्यातूनच एस-इंडेक्स आला, म्हणजे या रेषांचा मधला भाग आजूबाजूच्या प्रकाशाच्या तुलनेत किती उजळ त्याचा आकडा. म्हणून तुलनेला सूर्याचाही एस-इंडेक्सच घ्या, एकीकडे डाग आणि दुसरीकडे कॅल्शियम असं करू नका. सूर्याचा साधारण ०.१७ च्या आसपास असतो.

जानेवारीत संध्याकाळी दोन तारे नुसत्या डोळ्यांनी दाखवता येतात. मृगाच्या पश्चिमेला एप्सिलॉन एरिडानी, साडेदहा प्रकाशवर्षं, आणि त्याच्याही पुढं पश्चिमेला टाउ सेटी, १२ प्रकाशवर्षं. टाउ सेटीचा आकडा जवळपास सूर्याएवढाच, पण आलेख सपाट, चढउतार नाहीच म्हटलं तरी चालेल. एप्सिलॉनचा ०.५ च्या आसपास! तो वयानं लहान आहे, ११ दिवसांत स्वतःभोवती फिरतो (सूर्याला विषुववृत्तावर २५ लागतात), आणि फिरणं जोरात म्हणजे आतला डायनॅमो (चुंबकीय क्षेत्र तयार करणारी यंत्रणा) जोरात.

पण इथं फसू नका, थंड ताऱ्याचा एस-इंडेक्स रंगामुळंच थोडा फुगतो, म्हणून वेगळ्या रंगाचे तारे ताडताना रंगाची दुरुस्ती केलेला आकडा घ्या. त्या आकड्यातही एप्सिलॉन सूर्याच्या वरच राहतो.

मग एस-इंडेक्सचा वर्षावार आलेख काढा आणि त्याच कागदावर खाली ताऱ्याच्या एकूण प्रकाशाचा आलेख काढा. सूर्य डाग वाढले की उलट जेमतेम ०.१ टक्का उजळतो, कारण डागांभोवतीचे तेजस्वी भाग जास्त भरतात, तरुण ताऱ्यांत मात्र डाग जिंकतात आणि तारा मंदावतो. दोन्ही आलेख एकाच दिशेनं जातात की उलट, ते नीट बघा. सरावाला वृश्चिकेतला १८ स्कॉर्पी हा तारा घ्या, सूर्याचा जवळजवळ जुळा, साधारण ७ वर्षांच्या चक्राचा.