घरातल्या वयस्कर माणसाचं जेवण कमी होतंय? अशी घ्या काळजी

‘वय झालं, आता एवढंच जाणार’ असं म्हणून आपण विषय सोडून देतो. वयानं भूक थोडी मंदावते, हे खरं. पण वजन उतरत जाणं म्हणजे म्हातारपण नव्हे. ते कुपोषण असू शकतं, आणि अंगानं जाड माणसालाही होतं.

आधी वजन बघा. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, आणि लिहून ठेवा. प्रयत्न न करता तीन-सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त, म्हणजे 60 किलोमागे 3 किलोंहून जास्त घट झाली, तर डॉक्टरांना दाखवा. काटा नसेल तर अंगठी बोटात सैल फिरते का, पट्टा एक भोक आत गेला का, ते बघा.

मग कारण शोधा. ही पायरी गाळून लोक थेट प्रोटीन पावडरचा डबा आणतात, त्याचं फार वाईट वाटतं. एकदा शेजारी बसून अख्खं जेवण बघा. कवळी उचलते का? घास गालातच घोळत राहतो का? पाणी पिताना ठसका लागतो, आवाज ओलसर, घशात पाणी अडकल्यासारखा होतो का? तसं असेल तर गिळण्याची तपासणी हवीच. आग्रहानं भरवू नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. तोंड कोरडं पडणं, चव जाणं, बद्धकोष्ठता यांमागे अनेकदा औषधं असतात. सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवा. मनानं एकही बंद करू नका. जोडीदार गेल्यापासून जेवण सुटलं असेल, तर उदासीनतेवरही उपचार असतात.

आता ताट. थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या. पातळ सुपानं पोट भरतं, ताकद येत नाही. त्यात दूध पावडर, लोणी किंवा अंडं घाला. वजनाच्या दर किलोमागे रोज निदान 1 ग्रॅम प्रथिनं हवीत (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा). वर्षानुवर्षांची कडक पथ्यं आता खरंच लागतात का, हेही विचारून घ्या.

पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल, तर घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातले क्षार झपाट्यानं घसरून जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरुवात करा.

आणि सोबत जेवा. त्यांना चाळीस मिनिटं लागली, तरी ताट उचलायची घाई करू नका.