थायलंडला रिटायर होताय? बँकेच्या या चुका टाळा

वय 50 पूर्ण आणि बँकेत 8 लाख बाट, की झाला थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा, असं आमच्या गोव्यातल्या फोंड्यात सगळे सांगतात. आमचा दादा हेच धरून वहिनीला घेऊन चियांग मायला गेला. रक्कम बरोबरच आहे हो, पण तिथलं इमिग्रेशन ऑफिस रकमेसोबत तारखा बघतं आणि आपली माणसं नेमकी तिथे अडकतात.

नॉन-ओ, म्हणजे रिटायर लोकांना सुरुवातीला मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर उतरलात की 90 दिवस मिळतात. त्यातच एका वर्षाच्या एक्स्टेंशनचा, म्हणजे मुदतवाढीचा अर्ज करायचा, आणि अर्जाच्या दिवशी ते 8 लाख बाट थाई खात्यात आधीच दोन महिने पडून असायला हवेत. म्हणजे खातं उघडून इथून पैसे मागवायला हातात उरतो जेमतेम एक महिना! दादाने आधी घर शोधलं, मग फ्रिज, पंखे, भांडीकुंडी, आणि बँकेत गेला तिसऱ्या आठवड्यात. पैसे पोचले 38व्या दिवशी, गणित बसलंच नाही, परत येऊन सगळं पहिल्यापासून. म्हणून सांगतो, घर भाड्याचं कसलंही चालेल, पण उतरल्या उतरल्या बँक गाठा.

दुसरं म्हणजे खातं तुमच्या एकट्याच्या नावावर पाहिजे. आपल्याकडे सवय अशी की प्रत्येक खात्यात नवरा-बायको दोघांची नावं, पण तिथे जॉइंट खात्यातले पैसे पूर्ण धरत नाहीत. बायकोला तुमच्या व्हिसावर अवलंबून म्हणून राहता येतं, तिच्यासाठी वेगळे 8 लाख लागत नाहीत, फक्त लग्नाचा दाखला व्यवस्थित हवा. तो आपल्या गोव्यात सगळ्यांकडे असतोच म्हणा, नोंदणी सक्तीची आहे. खरी गोची नावाच्या स्पेलिंगची. 1961च्या आधी जन्मलेल्यांचे जन्मदाखले पोर्तुगीज पद्धतीचे, तिथे नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई असतं आणि पासपोर्टवर नुसता के. हे पासपोर्ट, पॅन, बँक, लग्नाचा दाखला सगळीकडे एकसारखं करून घ्यायला महिने जातात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी लागा कामाला.

इथून पैसे निघायलाही वेळ लागतो. गावच्या सोसायटीतली एफडी थेट परदेशात जात नाही, मोडून आधी परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेत आणावी लागते. 8 लाख बाट म्हणजे साधारण 20 ते 25 लाख रुपये, आणि एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर जे पाठवाल त्यावर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर कापते. समजा 24 लाख पाठवले तर 2 लाख 80 हजार जास्तीचे लागले. रिटर्न भरताना ते मिळतात, पण त्या दिवशी खात्यात हवेत ना! जमलं तर थोडे मार्चमध्ये आणि थोडे एप्रिलमध्ये पाठवा, मर्यादा दोनदा मिळते, फक्त दोन महिन्यांचा हिशोब शेवटचा हप्ता पोचला तिथून धरा. पैसे स्वतःच्या खात्यातून स्वतःच्याच खात्यात पाठवा, तिथल्या मित्राकडून कॅश घेऊन भरू नका, पैसे परदेशातून आल्याची नोंद दाखवावी लागते. आणि फ्लॅट विकून पैसे उभे करणार असाल तर आपल्या गोव्याच्या नागरी कायद्याने विक्रीवर दोघांच्याही सह्या लागतात, बायको आधीच तिकडे गेली तर पॉवर ऑफ अटर्नीची धावपळ होते.

एक्स्टेंशनचा शिक्का मिळाला की लोक सैल सोडतात, ते तर अजिबात नको. पुढचे तीन महिने 8 लाखांच्या खाली यायचं नाही, त्यानंतरही 4 लाखांच्या खाली कधीच नाही, आणि पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी परत 8 लाख भरलेले. दादाने हे कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलंय, रोजच्या खर्चाचं खातं पण दुसऱ्या बँकेत वेगळं काढलंय.

आता चवथ, म्हणजे आपली गणेश चतुर्थी. गोंयकार कुठेही असला तरी चवथीला घरी येणारच, आणि म्हापशाचे एक काका तसेच आले, री-एंट्री परमिट, म्हणजे थायलंडला परत येण्याचा परवाना न काढता. देशाबाहेर पाऊल पडलं आणि वर्षभराचं एक्स्टेंशन तिथेच संपलं. एका फेरीला 1,000 बाट, कितीही फेऱ्यांना 3,800 बाट, एवढ्यासाठी वर्षाची मेहनत गेली त्यांची, मला अजून वाईट वाटतं.

दर 90 दिवसांनी पत्त्याचा रिपोर्ट द्यायचा असतो, तारखेच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत. इथलं सिम चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही आणि पैसे हलणार नाहीत. तिथे कायमचं राहायला गेलात की इथल्या बँकेला सांगून बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं करून घ्यायचं, हेही खूप जण विसरतात.

अर्जाला जायच्या दिवशी सकाळी बँकेत 100 बाट भरा, पासबुकवर त्या दिवसाची नोंद पडते, बँकेचं पत्रही तिथूनच त्याच तारखेचं घ्या आणि तसेच ऑफिसात जा.